शेजारच्या खुर्चीत कोण

सभेचा विषय ठरतो, हॉल मिळतो, तारीख पक्की होते, आणि मग पत्रकावर नावं कोणाची टाकायची यावर घोडं अडतं. चळवळीत थोडा काळ काढलेल्या कोणालाही हे नवीन नाही. अमुक येणार असतील तर मी येणार नाही, असं एक जण म्हणतो. दुसरी म्हणते, अहो, विषय महत्त्वाचा आहे, माणसं जमायला हवीत, एवढं काय सोवळं पाळायचं? बाहेरून बघणाऱ्याला हा मानापमानाचा खेळ वाटतो. मला तो तसा कधीच वाटला नाही. संघटना कोणासाठी उभी आहे हे तिच्या घोषणांपेक्षा त्या पत्रकावरच्या नावांत जास्त कळतं, असं माझं मत होत गेलं. ते पक्कं होण्यात ब्रिटनमधल्या काही बायकांचा मोठा वाटा आहे. त्यांच्याबद्दल कधीपासून लिहायचं होतं.

या बायका बहुतेक दक्षिण आशियाई किंवा इराणी वंशाच्या. धर्माच्या नावाखाली बायकांवर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध त्यांनी लहान लहान संघटना काढल्या आणि चिकाटीने चालवल्या. त्यांचे विरोधक दोन्ही बाजूंना होते. एकीकडे आपल्याच समाजातले धर्मांध पुढारी, दुसरीकडे गोरे वंशवादी. अवघड गोष्ट पुढेच आहे. या दोन्ही बाजूंकडून वेळोवेळी मैत्रीचा हातही पुढे होत असे. तो धरायचा की झिडकारायचा, यावरून नोकऱ्या गेल्या, जुने स्नेह तुटले, संघटनांतून माणसं निघून गेली.

२७ मे १९८९ ची गोष्ट. सलमान रश्दींच्या कादंबरीवर बंदी घाला या मागणीसाठी लंडनमध्ये मुसलमानांचा प्रचंड मोर्चा निघाला होता. रश्दींना ठार मारा, असा इराणचे धर्मनेते खोमेनींचा फतवा त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला आलेला. मोर्चा पार्लमेंट स्क्वेअरला पोचला, तेव्हा तिथे मूठभर बायका फलक धरून उभ्या होत्या. त्यातल्या अनेक जणी पश्चिम लंडनमधल्या साउथॉल या दक्षिण आशियाई वस्तीच्या, साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या गटाच्या. मार्चमध्ये साउथॉलला झालेल्या सभेत त्यांनी रश्दींच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं होतं आणि त्यातूनच ‘विमेन अगेन्स्ट फंडामेंटलिझम’ ही संघटना उभी राहिली होती. रश्दींचा लिहिण्याचा हक्क हाच आमचा विरोध करण्याचा हक्क, असं त्यांचं म्हणणं. धर्मगुरूंनी आमच्या वतीने बोलू नये, एवढीच मागणी.

मोर्चातली तरुण पोरं त्यांच्या अंगावर धावून आली. शिव्या तर होत्याच. त्याच चौकात नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे लोकही आले होते, मोर्चातल्या मुसलमानांना शिव्या द्यायला. म्हणजे मोर्चाच्या विरोधात त्या दिवशी तिथे दोन गट होते: या बायका आणि ते वंशवादी. दोघांचा रोख एकाच मोर्चावर. पण बायकांना मार मिळायची वेळ आली ती दोन्हीकडून, आणि शेवटी पोलिसांना मध्ये पडून त्यांना सोडवावं लागलं. याच पोलिसांच्या दडपशाहीविरुद्ध त्या दहा वर्षं लढत होत्या. साउथॉल ब्लॅक सिस्टर्सचा जन्म १९७९ चा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध साउथॉलमध्ये निदर्शनं झाली होती आणि त्यांत ब्लेअर पीच हे शिक्षक डोक्यावर घाव बसून मरण पावले होते.

त्या दुपारी चौकात उभं राहून चार पावलं डावीउजवीकडे सरकणं किती सोपं होतं, हा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. चार पावलं इकडे सरकलं की समाजाच्या पंखाखाली. चार पावलं तिकडे सरकलं की गोऱ्यांच्या टाळ्या. त्या हलल्या नाहीत. आणि त्यांची पुढची मागणी बघितली की त्या का हलल्या नाहीत हे उमजतं. इंग्लंडमध्ये तेव्हा धर्मनिंदेचा कायदा होता आणि त्याचं संरक्षण फक्त ख्रिस्ती धर्माला होतं. मोर्चेकऱ्यांचं म्हणणं, ते इस्लामलाही द्या. या बायकांचं म्हणणं, तो कायदाच रद्द करा. आणि चर्च ऑफ इंग्लंडला राज्यसंस्थेत असलेलं खास स्थानही काढून घ्या. ही मागणी मशिदीतल्यांना नको होती आणि ‘ख्रिस्ती ब्रिटन’वाल्यांनाही नको होती. धर्मनिंदेचा तो कायदा अखेर २००८ मध्ये गेला.

त्याच २००८ मध्ये एका नव्या वादाला तोंड फुटलं. कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी फेब्रुवारीत एका व्याख्यानाच्या निमित्ताने असं मत मांडलं की ब्रिटनमध्ये शरियतच्या काही भागांना जागा देणं आता अटळ दिसतं. गदारोळ झाला. पण शरियत कौन्सिलं काही तेव्हा नव्याने आली नव्हती. पूर्व लंडनमधल्या लेटनचं इस्लामिक शरिया कौन्सिल १९८२ पासून चालू होतं. २००७ मध्ये मुस्लिम आर्बिट्रेशन ट्रायब्युनल निघालं, तेही १९९६ च्या लवाद कायद्याचा आधार सांगून.

या कौन्सिलांत जातं कोण? बायका जातात. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल आला, त्यात कौन्सिलकडे येणाऱ्यांत ९० टक्क्यांहून अधिक बायका आणि त्याही जवळजवळ सगळ्या धार्मिक घटस्फोटासाठी आलेल्या, असं नोंदवलं आहे. कारण साधं आहे. नवऱ्याने तोंडाने तलाक म्हटला की तो मोकळा. बायकोला सुटायचं असेल तर नवऱ्याची संमती हवी, नाहीतर कौन्सिलचा कागद. पुष्कळ जणींचा निकाह सरकारदरबारी नोंदलेलाच नसतो, त्यामुळे दिवाणी कोर्टाच्या लेखी त्यांचं लग्नच झालेलं नसतं. कोर्ट घटस्फोट देणार कशाचा? मग मेहेरवर पाणी सोडून, फी भरून, काझीपुढे बसायचं.

२०१३ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने एका बातमीदार बाईला लपवलेला कॅमेरा देऊन लेटनच्या त्या कौन्सिलमध्ये पाठवलं. नवरा मारतो, असं तिने सांगितलं. समोरच्या काझीने तिला सल्ला दिला की नवऱ्याला नीट विचार: माझा स्वयंपाक आवडत नाही म्हणून मारतोस का? मी मैत्रिणींना भेटते म्हणून मारतोस का? म्हणजे तुला स्वतःला सुधारता येईल. आणि पोलिसांकडे जाणं हा अगदी शेवटचा उपाय, हेही बजावलं. या लेखातलं बाकी काही विसरलं तरी चालेल, टेबलाच्या अलीकडे बसलेली ती बाई विसरू नका. पत्रकावर कोणाचं नाव असावं हा प्रश्न माझ्या लेखी तिच्या खुर्चीवरून सोडवायचा आहे.

‘वन लॉ फॉर ऑल’ ही मोहीम १० डिसेंबर २००८ ला, मानवी हक्क दिनी, सुरू झाली. पुढे होत्या मरियम नमाजी. जन्म इराणमधला, क्रांतीनंतर कुटुंब देश सोडून बाहेर पडलेलं. त्याआधी २००७ मध्ये इस्लाम सोडलेल्यांची ब्रिटनमधली संघटना उभी करण्यातही त्याच पुढे होत्या. मोहिमेची मागणी नावातच आहे: कायदा सगळ्यांना एक. शरियत कौन्सिलं नकोत, तसाच धार्मिक लवाद कुठल्याच धर्माचा नको, ज्यूंची बेथ दीन ही धार्मिक न्यायालयंही नकोत.

आता ही मागणी ऐकून कोण कोण धावत येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २००९ मध्ये ल्यूटनमध्ये इंग्लिश डिफेन्स लीग निघाली. शरियतविरोध हे या अति-उजव्या संघटनेचं तोंडपाठ वाक्य. ब्रिटिश नॅशनल पार्टीचंही तेच. वरवर बघितलं तर शब्द तेच, मागणी तीच. तुम्ही म्हणता शरियत नको, ते म्हणतात शरियत नको. मग एकत्र यायला काय हरकत? चार माणसं जास्त जमतील, पैसा येईल, वर्तमानपत्रं दखल घेतील. छोट्या संघटनेच्या पोटात अशा वेळी काय कालवाकालव होते ते मी जवळून पाहिलं आहे. सभेला मोजकी डोकी असतात, हॉलचं भाडं थकलेलं असतं, आणि भरलेलं मैदान घेऊन कोणीतरी दारात उभा असतो.

वन लॉ फॉर ऑलने २०११ मध्ये उत्तर दिलं, तेही लेखी. अति-उजवे गट आमचे शत्रू आहेत, मित्र नव्हेत, असं मथळ्यातच सांगणारी पुस्तिका त्यांनी काढली आणि इंग्लिश डिफेन्स लीग, ब्रिटिश नॅशनल पार्टी, युरोपचं इस्लामीकरण थांबवा म्हणणारे गट, एकेकाची मांडणी घेऊन तपासली. सार असं की या लोकांना शरियतशी भांडण नाही, मुसलमान माणसाशी आहे. शरियतखाली सगळ्यांत आधी जी चिरडली जाते ती मुसलमान बाईच यांना शेजारी नको असते. कौन्सिलपासून सुटून ती यांच्या हाती लागली तर तिची सुटका कसली?

ही पुस्तिका मला फार मोलाची वाटते. पाठिंबा नाकारणं सोपं असतं जेव्हा पाठिंबा देणारा उघड गुंड असतो. इथे अवघड प्रकरणंही होती. बॅरोनेस कॅरोलाइन कॉक्स यांनी २०११ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये विधेयक आणलं. लवादात स्त्री-पुरुष भेद करायला मनाई करणारं, पीडित बायकांना संरक्षण देणारं. मसुदा वाचला तर विरोध करण्यासारखं फारसं सापडत नाही, आणि धर्मनिरपेक्ष संघटनांनी त्याला पाठिंबा दिलाही. पण याच कॉक्स यांनी लॉर्ड पिअर्सन यांच्यासोबत हॉलंडच्या गीर्त विल्डर्स यांना, मुसलमानद्वेष हेच ज्यांचं राजकारण, ब्रिटिश संसदेत पाहुणे म्हणून बोलावलं होतं. मग काय करायचं? माझं उत्तर असं: कायद्याच्या मसुद्याला त्याच्या शब्दांवर तोलावं आणि पटला तर पाठिंबा द्यावा. मसुदा मंजूर झाला तर तो बाईच्या हातात राहतो, तो आणणाऱ्याचा मक्ता उरत नाही. विल्डर्स यांच्या स्वागताला मात्र जाऊ नये. ही रेघ पुसट आहे, मान्य. ती दर वेळी नव्याने ओढावी लागते, आणि म्हणून पत्रकावरच्या नावांवर तासन्‌तास घालवणाऱ्यांचा मला कधी राग येत नाही.

रेघ पुसली गेली की काय होतं हेही याच मोहिमेने पाहिलं. ॲन मरी वॉटर्स या एके काळी वन लॉ फॉर ऑलच्या प्रवक्त्या. मजूर पक्षात होत्या, नॅशनल सेक्युलर सोसायटीच्या कार्यकारिणीवर होत्या. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. २०१४ मध्ये त्यांनी ‘शरिया वॉच’ ही संस्था काढली आणि यूकिप या उजव्या पक्षात गेल्या. २०१६ च्या सुरुवातीला टॉमी रॉबिन्सन, म्हणजे इंग्लिश डिफेन्स लीगचेच संस्थापक, यांच्यासोबत त्या पेगिडा या इस्लामविरोधी चळवळीच्या ब्रिटिश शाखेच्या व्यासपीठावर होत्या. २०१७ मध्ये यूकिपच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरल्या आणि मुसलमानविरोध हाच मुख्य धागा असलेला वेगळा पक्ष काढला. ज्या पुस्तिकेने शत्रू कोण ते सांगितलं होतं, त्याच मोहिमेची एकेकाळची प्रवक्ती पाच वर्षांत त्या शत्रूच्या शेजारी उभी. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

मला इथे नुसतं बोट दाखवून पुढे जायचं नाही. त्यांची वाट का बदलली हे त्यांचं त्यांना ठाऊक. पण डाव्यांत शरियतवर बोललं की वंशवादी म्हणून गप्प बसवलं जायचं, ही तक्रार त्यांच्यासारखी अनेकांची होती, आणि ती खोटी नव्हती. आपल्या लोकांनी दार बंद केलं की माणूस जे दार उघडं दिसेल तिकडे वळतो. याने त्या दाराआडचा द्वेष क्षम्य होत नाही. दार बंद करणाऱ्यांची जबाबदारीही संपत नाही.

आणि ते दार बंद कसं होतं, याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण गीता सहगल यांचं आहे. नयनतारा सहगल यांची ही मुलगी, विजयालक्ष्मी पंडितांची नात. १९८९ च्या त्या संघटनेच्या संस्थापकांपैकी, आणि पार्लमेंट स्क्वेअरच्या त्या चौकातही उभी राहिलेली. १९९५ मध्ये त्यांनी चॅनल फोरसाठी बांगलादेश युद्धातल्या अत्याचारांवर माहितीपट केला, त्यात १९७१ मध्ये लोकांच्या कत्तलीत सामील असल्याचा आरोप असलेली आणि नंतर ब्रिटनमध्ये स्थिरावलेली माणसं शोधून काढली. पुढे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांच्या संघटनेत लिंगभाव विभागाच्या प्रमुख झाल्या.

ॲम्नेस्टी तेव्हा अमेरिकेच्या ग्वांतानामोच्या तुरुंगाविरुद्ध लढत होती. तिथे खटल्याशिवाय डांबलेल्या आणि २००५ च्या जानेवारीत सुटलेल्या मोअज्जम बेग यांना तिने आपल्या मोहिमेत बरोबर घेतलं. युरोपातल्या सरकारांकडे जाणाऱ्या शिष्टमंडळात, सभांच्या व्यासपीठावर, २०१० च्या जानेवारीत डाउनिंग स्ट्रीटवर निवेदन द्यायला जातानाही ते होते. सहगल यांचा आक्षेप बेग यांच्या सुटकेला नव्हता. त्यांच्यावर झालेला अन्याय अन्यायच आहे, त्यांच्या हक्कांसाठी ॲम्नेस्टीने लढलंच पाहिजे, हे त्या सुरुवातीपासून म्हणत होत्या. आक्षेप त्यांना मानवी हक्कांचा कार्यकर्ता म्हणून बरोबरीने बसवण्याला होता. बेग यांचा ‘केजप्रिझनर्स’ हा गट जिहादी विचारांच्या माणसांची पाठराखण करतो आणि बेग स्वतः तालिबानचे समर्थक आहेत, असं सहगल यांचं म्हणणं होतं. बेग यांनी हे आरोप नाकारले, आणि त्यांच्यावर कुठलाही गुन्हा कोर्टात कधी सिद्ध झालेला नाही, हेही इथेच नोंदवते.

संस्थेत अंतर्गत पत्रं लिहून झाली, उत्तर आलं नाही, तेव्हा सहगल यांनी जाहीरपणे बोलायचं ठरवलं. ७ फेब्रुवारी २०१० च्या ‘संडे टाइम्स’मध्ये बातमी आली. काही तासांत त्यांना निलंबित केलं गेलं. एप्रिलमध्ये त्या ॲम्नेस्टीतून बाहेर पडल्या. मधल्या काळात जगभरातून त्यांच्या समर्थनाची पत्रं गेली, त्यात दक्षिण आशियातल्या स्त्रीवादी बायका मोठ्या संख्येने होत्या. रश्दींनीही ॲम्नेस्टीला कडक शब्दांत सुनावलं. १९८९ मध्ये ज्यांच्यासाठी त्या चौकात उभ्या राहिल्या होत्या, ते एकवीस वर्षांनी त्यांच्यासाठी उभे राहिले.

ॲम्नेस्टीचे तेव्हाचे हंगामी महासचिव क्लाउदियो कोर्दोने यांनी उत्तरात लिहिलं की स्वसंरक्षणार्थ जिहाद ही कल्पना मानवी हक्कांच्या विरोधात जाते असं संस्था मानत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला, आजही येतो. कारण त्या वाक्यात अफगाण बाई कुठेच नाही. ग्वांतानामोचा कैदी आहे, अमेरिकेचा अन्याय आहे, संस्थेची इभ्रत आहे. ज्या तालिबानच्या राज्यात मुलींच्या शाळा बंद झाल्या त्यांच्याबद्दल ती बाई काय म्हणेल, हा प्रश्न टेबलावर आलाच नाही. तो आणणाऱ्या बाईला बाहेर बसवलं गेलं.

२०१५ च्या फेब्रुवारीत, आयसिसच्या कुप्रसिद्ध मारेकऱ्याची ओळख उघड झाल्यावर, बेग यांच्या याच गटाच्या (तोवर नाव ‘केज’) संशोधन संचालकाने पत्रकार परिषदेत, तो किती चांगला, सौम्य तरुण होता, अशा आठवणी सांगितल्या. मग ॲम्नेस्टीने केजसोबत यापुढे काम करणार नाही असं जाहीर केलं. पाच वर्षांपूर्वी हेच सांगणारी बाई तोवर ‘सेंटर फॉर सेक्युलर स्पेस’ या लहानशा संस्थेतून काम करत होती.

वन लॉ फॉर ऑलने २०१३ मध्ये दुसरी पुस्तिका काढली ती डाव्यांच्या याच वागण्यावर: इस्लामवाद्यांना साम्राज्यविरोधी मित्र समजून जवळ करणाऱ्यांवर. उजव्यांवर एक, डाव्यांवर एक. काही जण याला तटस्थपणा म्हणतील. मला तो तटस्थपणा वाटत नाही. दोन्ही पुस्तिकांत बाजू एकच घेतलेली आहे.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुसलमान बायकांचा मोर्चा नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. तेव्हापासून त्यांना दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या. समाजातले लोक म्हणाले, हा हिंदूंचा हस्तक. पुरोगामी मित्रांतले काही कुजबुजले, तुमच्या टीकेने हिंदुत्ववाद्यांच्या हाती कोलीत मिळतं. दलवाईंनी मुस्लिम जमातवादावर जितकं स्पष्ट लिहिलं तितकंच हिंदू जमातवादावरही बोलले. पण त्यांचं अर्धंच वाक्य उचलून नाचणारे तेव्हाही होते, आताही आहेत. कोलीत हाती जाईल म्हणून दिवाच लावायचा नाही, असं त्यांनी मानलं नाही. मानायला नकोच होतं. त्या सात बायकांना अंधारात ठेवून कोणाचं भलं झालं असतं?

आता एक आक्षेप घ्यावा लागेल, कारण तो खरा आहे. कोणाशेजारी बसायचं नाही हे ठरवणं आणि कोणाला बोलूच द्यायचं नाही हे ठरवणं, यात अंतर किती? नमाजींनाच याचा फटका बसला. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये वॉरिक विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेने त्यांचं भाषण आधी नाकारलं. त्या बोलल्या तर द्वेष भडकेल, अशी भीती घातली. ओरड झाल्यावर निर्णय मागे घेतला. नोव्हेंबरअखेर लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये त्या बोलत असताना इस्लामिक सोसायटीच्या पोरांनी आरडाओरडा केला, प्रोजेक्टर बंद केला. आणि तिथल्या स्त्रीवादी गटाने पाठिंबा दिला तो त्या पोरांना.

हे अंतर खूप मोठं आहे, असं मला ठामपणे वाटतं. अतिरेक्याला बोलू द्यावं, त्याच्या भाड्याच्या हॉलमध्ये, त्याच्या पत्रकावर. हिंसेला चिथावणी दिली तर कायदा आहे. त्याच्याशी समोरासमोर वादही घालावा, पण समोरासमोरच. प्रश्न विचारता आले पाहिजेत आणि सभेचे नियम त्याच्या धर्माचे नसले पाहिजेत. २०१३ च्या मार्चमध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इस्लाम की नास्तिकता असा जाहीर वाद होता. भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स क्राउस नास्तिक बाजूने आले होते. आयोजक एक इस्लामी प्रचारसंस्था. हॉलमध्ये बायका आणि पुरुष वेगळे बसवलेले. बायकांच्या बाजूला जाऊन बसलेल्या काही तरुणांना रक्षक बाहेर काढायला लागले, तेव्हा क्राउस यांनी सामान उचललं आणि हे थांबवलं नाही तर मी निघालो, असं सांगून दाराकडे चालायला लागले. आयोजक नमले, मगच वाद झाला. अतिरेकी मताच्या माणसासमोर कसं बसावं याचा याहून चांगला धडा मी पाहिलेला नाही. वाद घालायला ते तयार होते. बायकांना कोपऱ्यात बसवून घालायला तयार नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात धार्मिक वक्त्याच्या आग्रहाखातर बायका-पुरुष वेगळे बसवायला मुभा होती. १० डिसेंबरला, वन लॉ फॉर ऑलच्या पाचव्या वाढदिवशी, या बायका विद्यापीठांच्या त्या संघटनेच्या कार्यालयासमोर थंडीत उभ्या राहिल्या. तीन दिवसांत सूचना मागे घेतल्या गेल्या. पुढच्या मार्चमध्ये इंग्लंडच्या लॉ सोसायटीने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, वकिलांसाठी शरियतनुसार मृत्युपत्र कसं करावं याचं मार्गदर्शन काढलं. त्यात बायकांचा वाटा पुरुषांच्या निम्मा, अनौरस मुलं आणि दत्तक मुलं वारस नाहीत, हे नियम समजावून सांगितलेले. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स आणि वन लॉ फॉर ऑल पुन्हा उभ्या राहिल्या. सभा, पत्रं, कायदेशीर कारवाईची नोटीस. नोव्हेंबर २०१४ मध्ये लॉ सोसायटीने ते मार्गदर्शन काढून टाकलं.

दोन्ही लढती जिंकल्या त्या अति-उजव्यांची गर्दी न घेता आणि मौलवींची मनधरणी न करता. संख्या लहानच राहिली. लेटनच्या त्या टेबलापाशी अजून बायका जातात. निकाहासोबत नोंदणीही सक्तीची करा, ही २०१८ च्या समितीची मुख्य शिफारस आजही कायद्यात उतरलेली नाही. त्यासाठी पुढची सभा घ्यावीच लागेल, पत्रक निघेल, आणि नावांवरून पुन्हा वाद होईल. तो व्हावा. कितीही वेळ लागला तरी व्हावा.